आभासी वास्तवातून इंग्रजी संभाषण : विद्यार्थ्यांच्या वर्गवारीची पार्श्वभूमी

आभासी वास्तव, म्हणजे संगणकाने उभे केलेले त्रिमितीय दृश्य, दाखवणारा डोक्यावर चढवण्याचा संगणकीय पडदा (हेडसेट) १९६८ मध्येच तयार झाला होता, पण इंग्रजी संभाषणाच्या शिक्षणाशी त्याचा संबंध फार उशिरा आला. त्या काळच्या भाषा-प्रयोगशाळांत ध्वनिफितीवरची वाक्ये ऐकून घोकली जात. उच्चार सुधारत, मात्र समोर उत्तर द्यायला कोणी नसे. २००३ नंतर संगणकाच्या साध्या पडद्यावरील त्रिमितीय जगांत इंग्रजीचे वर्ग भरू लागले. त्यांवरचे निष्कर्ष आजही हेडसेटच्या समर्थनार्थ दिले जातात, हे योग्य नाही. २०१४ मध्ये मोबाइल बसवण्याचे पुठ्ठ्याचे साधन आले, २०१६ मध्ये संगणकाला जोडायचे हेडसेट बाजारात आले आणि २०१९ पासून तारांविना चालणाऱ्या स्वतंत्र हेडसेटमुळे वर्गातील वापर आवाक्यात आला.

याच टप्प्यावर ‘कोणत्या विद्यार्थ्याला याचा उपयोग होतो’ हा प्रश्न पुढे आला आणि त्याचे उत्तर चुकीच्या वर्गवारीत अडकले. दृश्य, श्राव्य आणि कृतिप्रधान अशी विद्यार्थ्यांची विभागणी शिक्षक-प्रशिक्षणात आधीच रूढ होती. हेडसेटमध्ये पाहणे, ऐकणे आणि हालचाल करणे एकत्र येत असल्याने तो तिन्ही प्रकारांना सारखाच मानवतो, असे सांगणे सोपे गेले. वास्तविक, विद्यार्थ्याच्या शैलीनुसार अध्यापन केल्यास शिकणे सुधारते या गृहीतकाला पुरेसा पुरावा नसल्याचे २००८ च्या एका सविस्तर आढाव्याने दाखवून दिले होते. तरीही अभ्यासक्रमांच्या माहितीपत्रकांतून ही विभागणी हटली नाही आणि तिच्यामुळे अधिक उपयुक्त भेद मागे पडले.

त्यांपैकी पहिला भेद भीतीचा. परकीय भाषेच्या वर्गातील भीती मोजणारी ३३ विधानांची प्रश्नावली १९८६ पासून उपलब्ध आहे. व्याकरण येते, वाचलेले समजते, पण चारचौघांत तोंड उघडत नाही, अशा विद्यार्थ्याला हसणारे कोणी नसलेली आभासी खोली मोलाची वाटते. नवख्याची अडचण वेगळी असते. हेडसेटमधल्या हॉटेलच्या स्वागतकक्षात उभे असलेले पात्र प्रश्न विचारते, हवेत तीन तयार वाक्ये तरंगतात आणि विद्यार्थी त्यांतले एक मोठ्याने वाचतो. याला संभाषण म्हणता येणार नाही. हे प्रकट वाचनच आहे. शिवाय नजर दृश्यात गुंतलेली आणि हात नियंत्रकावर असताना अनोळखी शब्दांकडे लक्ष कमीच उरते. दुसरा भेद वयाचा. बरेचसे अभ्यास विद्यापीठीय विद्यार्थ्यांवर झालेले आहेत. एका मोठ्या उत्पादकाची १३ वर्षांची किमान वयोमर्यादा २०२३ मध्ये १० वर आली, मात्र त्या वयाला साजेसे संवाद तयार करण्याचे काम वेगळेच आहे.

२०२२ च्या अखेरीपासून मोठ्या भाषा-प्रारूपांचा, म्हणजे माणसासारखा मजकूर स्वतः रचणाऱ्या संगणकप्रणालींचा, प्रसार झाला आणि तयार वाक्यांची जागा मुक्त उत्तरे देणारी पात्रे घेऊ लागली. त्यामुळे वर्गवारीत आणखी एका निकषाची भर पडली आहे, तो म्हणजे बोलण्याची धाटणी. बोललेले शब्द ओळखणाऱ्या वाक्-ओळख प्रणाली परभाषकांचे उच्चार ओळखताना अधिक चुका करतात. परिणामी योग्य वाक्य बोललेल्या विद्यार्थ्यालाही पात्र पुन्हा तोच प्रश्न विचारते, आणि ज्याची भीती घालवायची तोच सर्वांत आधी गप्प होण्याची शक्यता राहते.