मायक्रोआरएनए की एसआय-आरएनए? लांबी नको, उगम बघा

नागपुरात एमएस्सी बॉटनीच्या ज्या नोट्स झेरॉक्स होऊन फिरतात, त्यांत जनुकांचं काम दाबणाऱ्या दोन प्रकारच्या छोट्या आरएनएंचा एक तक्ता हमखास असतो. मायक्रोआरएनए पेशीचा स्वतःचा, एसआय-आरएनए बाहेरचा. पहिला प्रथिन बनणं रोखतो, दुसरा प्रथिनाचा निरोप नेणारा संदेशवाहक आरएनए कापतो. पहिला 21 न्युक्लिओटाइडचा (आरएनएच्या साखळीतले दुवे), दुसरा 24चा. वनस्पतींपुरता हा तक्ता चूक आहे, तरी दरवर्षी तोच पाठ होतो.

मायक्रोआरएनए तुम्हाला येतोच: एकेरी आरएनए स्वतःवर दुमडतो, हेअरपिन बनते, आरएनए कापणारा डायसर (एक एन्झाइम) त्यातून तुकडा काढतो. पुढे दोघंही आर्गोनॉट या प्रथिनातच बसतात, तिथे फरक शोधत बसू नका.

फरक उगमात आहे. एसआय-आरएनए निघतो तो लांब, दुहेरी आरएनएमधून आणि त्यातला दुसरा धागा बहुतेकदा आरडीआर हे एन्झाइम घडवतं.

फिस्कोमिट्रियम पेटेन्स या मॉसमधला टॅस-3 आरएनए घ्या (जुन्या पुस्तकांत याच मॉसला फिस्कोमिट्रेला म्हटलंय). एमआयआर-390 हा मायक्रोआरएनए त्याला दोन ठिकाणी कापतो. मधल्या तुकड्यावर आरडीआर-6 दुसरा धागा चढवतं, मग डायसर तो दुहेरी आरएनए 21-21 न्युक्लिओटाइडवर कापत जातो. हे झाले एसआय-आरएनए. आता तक्ता लावून बघा. कापणारा मायक्रोआरएनए, निघालेले एसआय-आरएनए पेशीच्याच जनुकातले, आणि लांबी दोघांची 21! तिन्ही ओळी एकाच उदाहरणात कोसळतात. म्हणून मी तक्त्यात ‘उगम’ हा एकच रकाना ठेवते, बाकीचे खोडायला लावते.

प्रथिन रोखण्याची ओळ मुळात प्राण्यांच्या अभ्यासातून आलीय. तिथे मायक्रोआरएनएची लक्ष्य-आरएनएशी जोडी अर्धवट जुळते. वनस्पतींत ती जवळपास पूर्ण जुळते आणि लक्ष्य बहुधा कापलंच जातं. खरं तर असे छोटे एसआय-आरएनए 1999मध्ये हॅमिल्टन आणि बॉलकूम या शास्त्रज्ञांना सापडले ते वनस्पतींतच. बॉटनीच्या विद्यार्थ्यांनी प्राण्यांचा तक्ता घोकावा, याचं मला फार वाईट वाटतं.

मॉस आणि सपुष्प वनस्पतींच्या वाटा 40 कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, तरी एमआयआर-390 आणि टॅस-3ची जोडी दोन्हीकडे आहे. म्हणजे ती त्यांच्या सामायिक पूर्वजातच असणार. पण रेणू टिकला म्हणून काम तेच राहिलं, असं लिहू नका. एमआयआर-156 हा मायक्रोआरएनए अरेबिडॉप्सिस या सपुष्प वनस्पतीला बाल्यावस्थेत थांबवून ठेवतो. मॉसमध्ये तोच प्रोटोनिमा या सुरुवातीच्या तंतुमय अवस्थेपासून पानं असलेल्या रोपाकडे जायला मदत करतो.