जुन्या ट्रॅव्हल ट्रेलरच्या सेफ्टी चेन बदलण्याआधी

अमेरिकेतल्या आमच्या मराठी ग्राहकांसाठी

साठीच्या दशकातला ट्रेलर विकत घेतला की आधी पत्र्याला पॉलिश होतं, मग गळकं छप्पर, मग फ्रिज आणि पडदे. कपलर, म्हणजे गाडीच्या मागच्या गोळ्यावर (बॉलवर) बसणारं ट्रेलरचं तोंड, सुटलाच तर ट्रेलर धरून ठेवणारी त्याखालची साखळी मात्र तशीच राहते. शास्ता असो, स्कॉटी असो की एअरस्ट्रीम, अशा जुन्या ट्रेलरांवर बऱ्याचदा एकच बारीक साखळी दिसते, फ्रेमला थेट वेल्ड केलेली, टोकाला उघडा एस-हूक. त्यातून मधल्या मालकांनी एसी, मोठी बॅटरी, पाण्याची टाकी असं काहीबाही वाढवलेलं असतं. म्हणजे ओझं वाढलं, साखळी तीच.

दोन साखळ्या घ्याव्या लागतात हे बहुतेकांना माहीत असतं, कारण अनेक राज्यांचा कायदाच तसा आहे. पण साखळी जिथे अडकवली आहे ती जागा तिच्याइतकीच मजबूत हवी, हे सहसा कुणी पाहत नाही. आमच्या मते निम्म्याहून जास्त काम तिथेच आहे.

आधी कपलर बघा. त्यावर बॉलचं माप ठोकलेलं असतं, तसंच बॉलवरही. २ इंची कपलर १ ७/८ इंची बॉलवर बसतो, खटकाही लागतो आणि घरासमोरच्या गल्लीत ट्रेलर गुपचूप मागे येतो. हायवेवरच्या एखाद्या चांगल्या धक्क्याला मात्र तो बॉलवरून उडू शकतो. हा घोटाळा नवी साखळी लावून सुटत नाही. बॉलच बदलायला हवा.

साखळी किती जाड?

त्यासाठी वजन कळायला हवं. जुन्या ट्रेलरवरची वजनाची पाटी अनेकदा गायब असते, आणि असली तरी तो आकडा कारखान्यातून निघतानाचा. प्रवासाला निघता तसा ट्रेलर भरा आणि ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर वजन करून घ्या. खर्च किरकोळ आहे.

सर्वसाधारण नियम असा, की प्रत्येक साखळीची तुटण्याची मर्यादा भरलेल्या ट्रेलरच्या वजनाइतकी तरी असावी. आम्ही याहून कडक हिशेब धरतो: एकेका साखळीचा कामाचा भार, म्हणजे तुटण्याच्या कितीतरी आधीची सुरक्षित मर्यादा, पूर्ण वजन पेलणारा हवा. ग्रेड ४३ च्या (ग्रेड म्हणजे पोलादाच्या ताकदीची प्रत) पाव इंची साखळीचा कामाचा भार २,६०० पौंड, ५/१६ इंचीचा ३,९०० आणि ३/८ इंचीचा ५,४००. तेव्हा ३,५०० पौंडांच्या ट्रेलरला आम्ही ५/१६ इंची लावतो. पाव इंची नियमात बसते, पण झटक्याचा जोर उभ्या वजनापेक्षा बराच जास्त असतो आणि दोन्ही साखळ्यांवर तो सारखा वाटला जाईल याची खात्री नाही. कड्यांवर ग्रेडचा ठसा नसेल ती साखळी झोपाळ्याला वापरा, ट्रेलरला नको.

वेल्डिंग का नाही?

ग्रेड ७० ची साखळी उष्णतेची प्रक्रिया करून कणखर केलेली असते. वेल्डिंगच्या आचेने नेमकी ती कणखरता जाते आणि पहिली कडीच सगळ्यात कच्ची होऊन बसते. ग्रेड ४३ च्या कडीलाही आम्ही आच लावत नाही. आम्ही फ्रेमला आरपार बोल्ट घालतो. तो ग्रेड ८ चा, म्हणजे डोक्यावर सहा रेघा असलेला. तीन रेघांचा बोल्ट ग्रेड ५ चा असतो. आतून जाड पट्टी देतो, नाहीतर फ्रेमचा जुना पातळ चॅनेल चेपतो. दोन साखळ्यांना दोन वेगळे बोल्ट. एकाच बोल्टवर दोघी टांगल्या तर दुसरीचा उपयोग काय?

फ्रेम आतून गंजली असेल तर आधी तिची दुरुस्ती होईल. रंगाखाली काय दडलंय ते हातोडीने ठोकल्याशिवाय कळत नाही, म्हणून ठोकून पाहिल्याबद्दल राग मानू नये.

गाडीच्या बाजूला हूक हिच रिसीव्हरच्या, म्हणजे गाडीखाली पक्क्या बसवलेल्या चौकोनी नळीच्या, पक्क्या कड्यांत जायला हवेत. बॉल ज्या काढघाल करायच्या दांड्यावर असतो, त्यात नव्हे. त्याची पिन निसटली तर दांडा, बॉल, साखळ्या सगळं एकदम मागे राहतं. देशात उसाच्या ट्रॉल्या एका पिनवर डुलत जाताना ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे वेगळं सांगायला नको. हूक झापेचे, म्हणजे तोंडाशी बंद होणारी पट्टी असलेले घ्या. उघडे एस-हूक उसळून निघतात.

साखळ्या कपलरखालून एकमेकींवर फुली मारून न्यायच्या. कपलर सुटलाच तर त्याचं टोक त्यांच्या झोळीत पडतं, रस्त्यात रुतत नाही. लांबी इतकी, की पूर्ण वळणावर ताण येऊ नये आणि जमिनीलाही लागू नये. घासणारी साखळी झिजते, शिवाय ठिणग्या उडवते. कॅलिफोर्नियासारख्या कोरड्या राज्यात रस्त्याकडेच्या गवताला अशा ठिणग्यांनी आग लागते. लांब पडली तर पीळ घालून आखडू नका, पिळलेल्या कड्यांवर भार वाकडा येतो. आम्ही जादा कड्या कापून देतो.

ब्रेक असलेल्या ट्रेलरची ब्रेकअवे केबल, म्हणजे ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी तार, साखळीला बांधू नका. ती गाडीला स्वतंत्रपणे अडकवायची. एकदा खरोखर झटका बसलेली साखळी दिसायला ठीक असली तरी बदला. कड्या ताणल्या गेल्याचं डोळ्यांना दिसेलच असं नाही.

कामाला येताना ट्रेलरबरोबर ओढणारी गाडीही आणा, नेहमीच्या बॉलसकट. लांबी उभ्या ट्रेलरवर नाही, वळवून मोजावी लागते.