अंगातून निघणारे दोरे : 'मॉर्गेलन्स'च्या वादामागचा इतिहास

कापूस वेचणीचे ऐन दिवस होते. वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात (गावाचं नाव सांगत नाही) एक काकू माझ्यासमोर येऊन बसल्या आणि पदराची गाठ सोडून त्यांनी कुंकवाची रिकामी डबी काढली. डबीत खपल्यांचे तुकडे होते, दोन-तीन पांढरे धागे, एक निळसर, आणि मोहरीहून बारीक असं काळं काहीतरी. "भाऊ, हे माह्या आंगातून निघते. चार डाक्टर झाले, कोनी डबीत पाह्यतबी नाही." दंडांवर, पोटऱ्यांवर, कमरेवर खाजवून खाजवून घाव पडले होते. दोन खांद्यांच्या मधली पाठ मात्र स्वच्छ होती. तिथवर हात पोचत नाही.

सोबत भाचा आला होता, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेला. मोबाईलवर शोधून त्याने आजाराचं नावही काढलं होतं, मॉर्गेलन्स. "काका, अमेरिकेत याचे हजारो पेशंट आहेत, संघटना आहे, संशोधन चालू आहे. आपल्याकडे कोणाला माहीतच नाही." त्याचा राग खरा होता. मी त्वचारोगतज्ज्ञ नाही. नोकरीची सगळी वर्षं कुष्ठरोगाच्या सर्वेक्षणात गेली, गावोगाव फिरून लोकांच्या अंगावरचे चट्टे पाहत. पण त्या पोराला नुसतं "तसं काही नसतं रे" म्हणून परत पाठवणं मला जमलं नाही. म्हणून हे टिपण.

नाव जुनं आहे, पण आजाराला ते चिकटलं अलीकडे. सतराव्या शतकातले इंग्रज वैद्य सर थॉमस ब्राउन यांचं एक पत्र त्यांच्या मृत्यूनंतर, 1690 साली छापलं गेलं. फ्रान्सच्या लांगडॉक प्रांतातल्या लहान मुलांना होणाऱ्या 'मॉर्गेलन्स' नावाच्या व्याधीचा त्यात ओझरता उल्लेख आहे: मुलांच्या पाठीवर राठ केस फुटतात आणि ते फुटले की खोकला, झटके थांबतात. म्हणजे ब्राउनच्या लेखी केस फुटणं हे बरं होण्याचं लक्षण होतं. 2001 साली अमेरिकेत मेरी लीटाओ या बाईंना आपल्या लहान मुलाच्या ओठाजवळच्या फोडात बारीक धागे दिसले. त्या जीवशास्त्र शिकलेल्या, प्रयोगशाळेत काम केलेल्या. डॉक्टरांकडे खेटे घातले, कोणी मानेना. उलट संशय आईवरच आला. 2002 साली त्यांनी ब्राउनच्या पत्रातला शब्द उचलून मुलाच्या त्रासाला नाव दिलं. दोन आजार एकच आहेत असा त्यांचाही दावा नव्हता, हाक मारायला एक शब्द हवा होता एवढंच.

शब्द मिळाला आणि माणसं पुढे आली. अंगात काहीतरी सरपटतं, टोचतं, घाव भरत नाहीत, त्यातून लाल-निळे-काळे धागे निघतात, थकवा जात नाही, डोकं चालत नाही. वेगवेगळ्या गावांत एकेकटी कुढणारी ही माणसं होती. लीटाओ यांची मॉर्गेलन्स रिसर्च फाउंडेशन ही संस्था उभी राहिली, हजारो कुटुंबांनी नोंद केली. 2006 मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन इथे चार्ल्स ई. होल्मन फाउंडेशन निघालं, आणि त्यांच्या परिषदांत रुग्ण एकमेकांना प्रत्यक्ष भेटू लागले. 2010 साली कॅनडाच्या विख्यात गायिका जोनी मिचेल यांनी आपल्यालाही हा आजार असल्याचं जाहीर सांगितलं.

डॉक्टर का मानत नव्हते, यालाही इतिहास आहे. अंगावर किडे नसताना ते आहेत अशी पक्की खात्री असणं हे वैद्यकाला एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहे. स्वीडनचे कार्ल-अक्सेल एकबोम यांनी 1938 मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून त्यांच्या नावानेही तो आजार ओळखला जातो. असे रुग्ण पुरावा म्हणून काडेपेटीत खपल्या-धागे घालून आणतात, हे डॉक्टरांनी इतक्यांदा पाहिलं की पाठ्यपुस्तकात त्याला 'काडेपेटीची खूण' असं नावच पडलं. आता याची दुसरी बाजू पाहा. काकूंनी डबी आणली, ती "पाहा" म्हणायला. आणि डबी आणली हेच त्यांच्या विरोधातलं लक्षण ठरलं. डबी उघडायच्या आधीच निकाल लागलेला. माझ्या मते या सगळ्या वादातली खरी जखम इथे आहे.

तरी शेवटी डबी उघडली गेली, आणि तीही सरकारी खर्चाने. रुग्णांनी लोकप्रतिनिधींना पत्रं लिहून लिहून इतका रेटा लावला की अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी हिला अभ्यास हाती घ्यावा लागला. 2008 च्या जानेवारीत काम सुरू झालं, सुमारे 6 लाख डॉलर खर्च झाला. उत्तर कॅलिफोर्नियात कायझर पर्मनंटे या आरोग्य योजनेच्या 30 लाखांहून जास्त सभासदांतून 115 रुग्ण निघाले. लाखामागे चारसुद्धा नाहीत. बहुतेक गोऱ्या, मध्यमवयीन स्त्रिया. त्यांची त्वचा, रक्त, मन सगळं तपासलं. धागे पृथक्करणाला दिले.

निष्कर्ष 25 जानेवारी 2012 रोजी प्रसिद्ध झाला. परजीवी सापडले नाहीत. संसर्गाचा समान स्रोत सापडला नाही. धागे बहुतांशी सेल्युलोजचे, म्हणजे बहुधा कापसाचे, कपड्यांतले. अर्ध्या लोकांच्या केसांच्या नमुन्यांत औषधांचे किंवा नशेच्या पदार्थांचे अंश होते, बऱ्याच जणांची स्मरणशक्ती नि एकाग्रता कमी भरली. चित्र किडे असल्याच्या भ्रमाच्या आजाराशी जुळतं, असं अहवाल म्हणाला. पण त्याच अहवालात आणखी एक वाक्य आहे आणि ते फारसं कोणी सांगत नाही: या माणसांचं रोजचं जगणं आजाराने फार खालावलेलं आहे. सीडीसीने पुढचा अभ्यास केला नाही. लीटाओ यांची संस्था त्याच वर्षी बंद झाली. होल्मन फाउंडेशनच्या गटाने वाट बदलली. मॅरिअन मिडलव्हीन आणि रॅफेल स्ट्रिकर या संशोधकांनी गोचिडीतून पसरणाऱ्या लाइम रोगाच्या जंतूशी संबंध लावला, गाईंच्या खुरांना होणाऱ्या एका आजाराशी तुलना केली. वैद्यकाच्या मुख्य प्रवाहाने ते अजून स्वीकारलेलं नाही.

भाच्याला मी विचारलं, "कापूस" हा शब्द तू वाचलास का? त्याने वाचला होता, पण त्याला तो अपमान वाटला होता. अमेरिकेतल्या बाईला तुझ्या अंगातून कापूस निघतो म्हणणं म्हणजे तिला खोटं पाडल्यासारखं वाटत असेल, मी समजू शकतो. पण आपण कुठे बसलोय? अंगणात ढीग, सपरीत गंजी, पऱ्हाटीला लागून घर. वेचणीच्या दिवसांत चहाच्या कपावरसुद्धा रुई तरंगते. ओला घाव आणि उडता कापूस एकत्र आले की धागा घावातून झरणाऱ्या लसीला चिकटणार, लस वाळली की खपलीत अडकणार, आणि खपली ओढली की धागा आतून आल्यासारखाच दिसणार. काकू खोटं बोलत नव्हत्या. धागा घावातूनच निघत होता.

आता थोडं आमच्याबद्दल. त्वचेच्या रोगावरून भांडण, आणि रोग्यांनी एकमेकांचा हात धरणं, या दोन्ही गोष्टी वर्धा-अमरावती-चंद्रपूर या पट्ट्याला नव्या नाहीत. कुष्ठरोग कशाने होतो यावरही एकेकाळी मोठा वाद होता. नॉर्वेचे डॅनियलसेन हे त्या काळचे सर्वांत मोठे जाणकार, ते आनुवंशिकच म्हणत. त्यांच्याच हाताखाली काम केलेल्या आणि त्यांचेच जावई झालेल्या हॅन्सनने 1873 मध्ये जंतू दाखवला. इकडे 1936 साली मनोहर दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला काम सुरू केलं. 1939 मध्ये कुष्ठरोग झालेले संस्कृत पंडित परचुरे शास्त्री सेवाग्रामला, गांधीजींच्या आश्रमात आले आणि गांधीजींनी त्यांच्या अंगाला स्वतःच्या हाताने मालिश केली. 1946 मध्ये शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीला तपोवन उभारलं. 1951 साली बाबा आमट्यांचं आनंदवन वरोऱ्याला 6 रुग्ण, एक लंगडी गाय आणि 14 रुपये एवढ्यावर सुरू झालं. त्याच वर्षी वर्ध्यात गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन आलं आणि घरोघर सर्वेक्षण, शिक्षण, उपचार ही पद्धत डॉ. वर्देकरांनी बसवली. माझ्यासारख्यांची पोटं त्या पद्धतीवर भरली.

या यादीत एक गोष्ट मला नेहमी थांबवते. 1939 साली कुष्ठरोगावर खात्रीचं औषध नव्हतं. डॅप्सोन हे औषध नंतर आलं, बहुविध औषधोपचार तर ऐंशीच्या दशकात. म्हणजे हात आधी लागला, इलाज मागून आला.

आणि आमचं चुकलं तेही लिहितो. कुष्ठरोगाचा चट्टा सुन्न असतो, खाजत नाही. त्यामुळे सर्वेक्षणात कोणी "खाज सुटते" म्हटलं की आम्हाला हायसं वाटायचं. "खाजतं ना? मग काही नाही," म्हणून पुढच्या घरी. आमच्या कागदावर खाजेला रकानाच नव्हता. किती काकूंना मी "काही नाही" म्हणून ओलांडून गेलो असेन, त्याची आज मोजदाद नाही.

'मनाचं की कातडीचं' हा प्रश्नसुद्धा वाटतो तितका सरळ नाही. पेलाग्रा घ्या. उन्हाच्या जागी कातडी काळवंडून सोलते, हगवण लागते आणि माणूस भ्रमिष्टही होतो. अमेरिकेत तो संसर्गजन्य मानला जात होता. 1914 पासून जोसेफ गोल्डबर्गरने तो आहारातला दोष असल्याचं दाखवलं, 1937 मध्ये नायसिन हे जीवनसत्त्व उत्तर म्हणून मिळालं. आपल्या दख्खनच्या पठारावर ज्वारी खाणाऱ्यांतला पेलाग्रा हैदराबादच्या गोपालन आणि श्रीकांतिया यांनी अभ्यासला. एकाच कमतरतेने कातडी जाते आणि डोकंही. तसंच बी-12 कमी पडलं, साखर वाढली, मूत्रपिंड थकलं, थायरॉइड बिघडलं, दारू एकदम सुटली, तर अंगावर मुंग्या चालल्यासारखं होतं. त्यात आपल्याकडे खरूज आहे, गाजर गवत आहे, फवारणी आहे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून जास्त माणसं गेली, त्यानंतर तरी "औषध मारल्यावर आंग खाजते" या तक्रारीला कोणी हसू नये. हे सगळं तपासून मगच भ्रमाचं निदान करायचं असतं, आणि ते निदान झालं तरी त्याला उपचार आहेत. कमी मात्रेतल्या मानसोपचाराच्या गोळ्यांनी कित्येकांची खाज थांबते. अडचण एकच, "नागपूरला दाखवा" म्हटलं की आमच्या गावात त्याचा अर्थ एकच निघतो, वेड्यांचं इस्पितळ, आणि माणूस पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढत नाही. मग मेडिकलमधून आणलेली स्टिरॉइडची ट्यूब सुरू होते, दोन दिवस बरं वाटतं, आणि कातडी पातळ होत जाते.

काकूंची डबी घेऊन आम्ही तिघं तालुक्याला ओळखीच्या लॅबवाल्याकडे गेलो. त्याने काचेवर पांढरा धागा ठेवला, स्वतः पाहिला आणि उठून खुर्ची काकूंना दिली. त्यांना एक डोळा मिटून बघायला जमेना, भाच्याने हाताने डोळा झाकून धरला. कापसाचा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पिळलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो. काकू बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "वातीसारखं दिसते. कापूसच हाये." निळा धागा त्यांच्या लुगड्याच्या काठाचा निघाला. काळं ते वाळलेलं रक्त. परत येताना एसटीत त्यांनी विचारलं, "मंग खाज कायची, भाऊ?"

2012 नंतर अमेरिकेतले रुग्णही हेच विचारत आहेत. माझ्याकडे उत्तर नव्हतं, तसं मी सांगितलं.

रक्ताच्या तपासण्या झाल्या, बी-12 फार कमी निघालं, इंजेक्शनं चालू आहेत. त्वचेच्या डॉक्टरांनी एका पोटरीवर पट्टी बांधून दोन आठवडे सोडायची नाही असं बजावलं, तिथले घाव भरले आणि पट्टीखाली एकही धागा नव्हता. दंडाचे अजून ओलेच आहेत. रात्रीची खाज थोडी कमी आहे, गेलेली नाही. मानसोपचाराचं पुढे बघू असं ठरलंय, त्यांनी नाही म्हटलेलं नाही. वेचणीला सोबत जाणाऱ्या आणखी दोघींनी आपल्यालाही अंगात वळवळतं असं सांगितलं, आजवर लाजेने बोलल्या नव्हत्या. पुण्यात कोड असलेल्यांसाठी श्वेता असोसिएशन आहे तसं इथे काही होईल का, असं भाचा विचारतो. तूर्त एवढंच होतं की बाजाराच्या दिवशी दुपारी तिघी काकूंच्या ओसरीत बसतात, एकमेकींची नखं कापतात, पाठीला खोबरेल लावतात. नखं कापून झाली की काकू कागद झटकतात. डबी त्यांनी अजून टाकलेली नाही, देव्हाऱ्याच्या मागे ठेवली आहे.