दुबईत व्हॉट्सअ‍ॅप कॉल का लागत नाही?

गल्फमध्ये माणूस असलेल्या घरांत वर्षानुवर्षं ऐकतो ते वाक्य: "तिकडचं नेट कच्चं, म्हणून कॉल लागत नाही." हे चूक आहे. घराघरांत फायबर पोहोचवण्यात संयुक्त अरब अमिराती जगात अगदी पुढे आहे. तुम्हीच बघा, मुलाने पाठवलेला नातवाचा व्हिडिओ क्षणात उघडतो, व्हॉइस मेसेज येतो. कॉल मात्र 'कनेक्टिंग'वर अडकतो. नेट कच्चं असतं तर व्हिडिओही अडकला असता.

कॉल मुद्दाम अडवलेला असतो. तिथे इंटरनेटवरून बोलण्याची सेवा द्यायला परवाना लागतो. बाजारात कंपन्या दोनच, एतिसलात (आता 'ई अँड') आणि 2007 पासून 'डू'; दोन्हींत सरकारी भांडवल मोठं. फुकट कॉलमुळे परदेशी कॉलची कमाई बुडते, हे उघड आहे. म्हणून बोटिमसारखं परवानगी असलेलं ॲप वापरा. बंदी चुकवायला व्हीपीएन (आपण कुठून नेट वापरतो ते लपवणारं ॲप) लावायला मुलांना कृपा करून सांगू नका, कायद्याच्या कचाट्यात तेच सापडतील.

सगळे अरब देश सारखे, हाही गैरसमजच. सौदीने सप्टेंबर 2017 मध्ये अटी पाळणाऱ्या कॉलिंग ॲप्सवरची बंदी उठवली. लेबननमध्ये ऑक्टोबर 2019 ला अशा कॉलवर रोज 20 सेंट कर लावायचा प्रस्ताव आला, लोक रस्त्यावर उतरले आणि त्याच दिवशी तो मागे घ्यावा लागला. नेट खरोखर कच्चं आहे ते युद्धाने पोळलेल्या येमेनमध्ये.