एका अव्ययाने अर्थ बदलणारे इंग्रजी शब्दप्रयोग

इंग्रजीत बाकीचे शब्द तेच ठेवून केवळ एक शब्दयोगी अव्यय बदलले की अर्थ पालटतो, अशा शब्दप्रयोगांच्या जोड्या पुष्कळ आहेत. जुन्या इंग्रजीत नामांना विभक्तिप्रत्यय लागत; इ. स. ११०० नंतरच्या काळात ते बहुतेक झिजले आणि संबंध दाखवण्याचे काम शब्दक्रमावर व नामापूर्वी येणाऱ्या ‘इन’, ‘ऑन’, ‘ॲट’ यांसारख्या अव्ययांवर येऊन पडले. मराठीत ते काम आजही प्रत्यय आणि नामाला मागून जोडली जाणारी अव्यये करतात.

अशी प्रत्येक जोडी मराठी भाषकाला अवघड जाते असे मात्र नाही. क्षेत्ररक्षकाने चेंडू यष्टिरक्षकाकडे फेकला तर ‘थ्रो टू’ आणि यष्ट्यांवर फेकला तर ‘थ्रो ॲट’. हा भेद मराठीनेही ‘कडे’ आणि ‘वर’ यांत जपला आहे.

खरी अडचण येते ती मराठीचे एकच रूप इंग्रजीतील दोन अव्ययांची जागा घेते तेथे, आणि ‘पर्यंत’ हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. ‘सोमवारपर्यंत अहवाल देतो’ या वाक्यात मुदत सांगितली आहे. काम तोवर केव्हाही एकदा पुरे व्हायचे आहे, म्हणून ‘बाय मंडे’. ‘सोमवारपर्यंत गावीच आहे’ यात स्थिती सोमवार येईतो अखंड चालू आहे, म्हणून ‘टिल मंडे’. कार्यालयीन पत्रांत मुदतीसाठीही ‘टिल’ लिहिले जाते. शिकवताना ही चूक सर्वांआधी हाती घ्यायला हवी, कारण तिच्यामुळे वाचणाऱ्याचा गोंधळ उडतो. क्रिया एकदाच घडून संपते की चालू राहते, एवढे पाहिले की निवड बहुधा अचूक होते. नकारातही ही कसोटी टिकते: ‘सोमवारपर्यंत दुकान उघडणार नाही’ यात दुकान बंद असण्याची स्थिती चालू राहते, म्हणून तेथे ‘टिल’ योग्य ठरते.

‘शेवटी’ या शब्दाचेही असेच आहे. चित्रपटाच्या, महिन्याच्या किंवा रस्त्याच्या शेवटी असे कशाचा तरी शेवट दाखवायचा असेल तर ‘ॲट द एंड’ येते, तर बऱ्याच चर्चेनंतर ‘शेवटी तो तयार झाला’ असे म्हणताना ‘इन द एंड’. ‘वेळेत’ आणि ‘वेळेवर’ ही दोन रूपे मराठीत आहेत खरी, पण बोलताना ‘वेळेवर’ दोन्हीकडे चालते. इंग्रजीत वेळापत्रकाप्रमाणे सुटलेली गाडी ‘ऑन टाइम’ असते आणि उशीर होण्याआधी मिळालेले उपचार ‘इन टाइम’.