हरित द्रावक (लाकूड आणि वाखासाठी)

लाकूड, पऱ्हाटी (कापसाची झाडं), केळीचा खांब, अंबाडी यांच्यातलं सेल्युलोज (धाग्याचा मूळ पदार्थ) लिग्निनपासून (धाग्यांना घट्ट धरून ठेवणारा पदार्थ) सोडवायला किंवा सरळ विरघळवायला जी कमी त्रासाची सॉल्व्हंट वापरतात ती हरित द्रावकं. खान्देशात अंबाडी डबक्यात भिजत घालून वाख (सालीचा धागा) काढायची रीत जुनीच, पण तिथं जिवाणू पेक्टिन (सालीतला चिकट पदार्थ) खाऊन साल सोडवतात, लिग्निन बरंचसं तसंच राहतं, आणि वास असा की डबक्याजवळ उभं राहवत नाही.

सुरुवात कोणी केली यावर वाद आहे. बरेच जण 2002 सालचं अमेरिकेतलं स्वाटलोस्की-रॉजर्स यांचं काम धरतात, इमिडॅझोलियम क्लोराइड या आयनिक लिक्विडमध्ये (कमी तापमानाला वितळून द्रव होणारं मीठ) सेल्युलोज विरघळवल्याचं. पण सेल्युलोज विरघळवणाऱ्या पायरिडिनियम मिठाचं चार्ल्स ग्रेनाखरचं पेटंट 1934 चंच आहे. त्यावर आक्षेप असा की ते मीठ साधारण 118 अंशांना वितळतं आणि आयनिक लिक्विडची रूढ हद्द 100 ची. हद्द नंतर ठरली, काम आधी झालं, त्यामुळे मान ग्रेनाखरलाच द्यायला हवा असं वाटतं.

डीप युटेक्टिक (दोन पदार्थ मिसळले की दोन्हींपेक्षा खूप कमी तापमानाला वितळणारं मिश्रण) हा पुढचा प्रकार, इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठातल्या अ‍ॅबटचा, साधारण 2003 पासूनचा. एक भाग कोलिन क्लोराइड नि दोन भाग युरिया, मिश्रण 12 अंशांनाच पातळ होतं. युरिया आपण शेतात टाकतो तोच, कोलिन क्लोराइड कोंबडीखाद्यात जातं. हे मिश्रण सेल्युलोज मात्र फारसं विरघळवत नाही, लिग्निन ओढायचं तर युरियाच्या जागी लॅक्टिक अ‍ॅसिड बरं.

नुसतं बिनविषारी आहे म्हणून द्रावक हरित होत नाही, ते परत किती मिळतं ते बघावं लागतं. लायोसेल (लाकडाच्या लगद्यापासूनचा कापडाचा धागा) बनवताना एनएमएमओ हे द्रावक 99 टक्क्यांहून जास्त परत मिळवतात, व्हिस्कोस (रेयॉन) धाग्यासारखा विषारी कार्बन डायसल्फाइडही लागत नाही. सेल्युलोज बाहेर काढायला पाणी ओततात आणि मग तेच पाणी आटवायला इंधन जाळतात, खर्च तिथं होतो. त्यात इमिडॅझोलियम मिठात थोडं पाणी शिरलं तरी विरघळणं बिघडतं, आणि केळीच्या खांबात तर नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच. त्या मानानं वाळकी पऱ्हाटी सोयीची, पण ती बोंडअळीच्या धास्तीनं उपटून बांधावर पेटवतात नाहीतर चुलीत घालतात.

जळगाव-रावेरकडे केळीच्या खांबाचा धागा निघतो तो यंत्रावर खरवडून, द्रावकाशिवाय. चीक कपड्यावर उडाला की डाग जात नाही.