घरचे वाय-फाय की सार्वजनिक : लॅपटॉपला नेमके काय ठरवायचे असते?

विंडोज असलेला लॅपटॉप नव्या वाय-फायला प्रथमच जोडला की ते नेटवर्क ‘पब्लिक’ मानायचे की ‘प्रायव्हेट’, हे ठरवावे लागते. पूर्वीच्या आवृत्त्यांत त्यासाठी पडद्यावर ठळक चौकट उघडत असे. विंडोज ११ मध्ये मात्र लॅपटॉप स्वतःच ‘पब्लिक’ निवडून मोकळा होतो आणि बदल हवा असल्यास तो आपणच सेटिंग्जमध्ये जाऊन करायचा असतो. या निवडीबद्दल दोन समजुती सर्रास आढळतात. ‘प्रायव्हेट’ निवडल्याने आपली माहिती अधिक खासगी राहते, ही एक; आणि ‘पब्लिक’ निवडल्याने लॅपटॉप साऱ्या जगाला दिसू लागतो, ही दुसरी. प्रत्यक्षात ‘पब्लिक’ हाच अधिक बंदिस्त पर्याय आहे, त्यामुळे या दोन्ही समजुती वस्तुस्थितीच्या अगदी उलट आहेत.

लॅपटॉप वाय-फायला जोडला गेला की राउटर त्याला एक स्थानिक पत्ता देतो; घरगुती राउटरवर तो बहुधा १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होतो. त्याच राउटरवरील फोन, टीव्ही, प्रिंटर आणि इतर संगणक यांनाही त्याच मालिकेतील पत्ते मिळालेले असतात आणि ही उपकरणे इंटरनेटवर न जाता एकमेकांशी थेट संवाद साधू शकतात. आसपास कोण आहे हे कळावे म्हणून ती अधूनमधून सर्वांना उद्देशून छोटे संदेश सोडतात : येथे एखादा प्रिंटर आहे का, अमुक नावाचा संगणक कोणता, वगैरे. ‘प्रायव्हेट’ नेटवर्कवर लॅपटॉप अशा हाकांना ओ देतो आणि स्वतःचे नाव कळवतो. ‘पब्लिक’ नेटवर्कवर तो गप्प राहतो. म्हणजे ही निवड इंटरनेटविषयी नसून एकाच राउटरवरील शेजाऱ्यांविषयी आहे.

हे गप्प राहणे घडवून आणतो तो लॅपटॉपमधील फायरवॉल, म्हणजे कोणती जोडणी आत येऊ द्यायची हे ठरवणारा प्रोग्राम. संगणकावरील प्रत्येक सेवा एका क्रमांकित पोर्टवर, म्हणजे जणू दारावर, वाट पाहत असते : फाइल शेअरिंगसाठी ४४५, उपकरणे शोधण्यासाठी १९००, ३७०२ आणि ५३५५, जुन्या पद्धतीच्या नावशोधासाठी १३७. फायरवॉलजवळ नियमांचे वेगवेगळे संच असतात आणि आपण निवडलेल्या पर्यायानुसार त्यांपैकी एक लागू होतो. बाहेरून कोणी आपणहून केलेली जोडणी, तिला परवानगी देणारा नियम नसेल तर, दोन्ही संचांत अडवलीच जाते. फरक एवढाच, की ‘प्रायव्हेट’ संचात शोध आणि शेअरिंग यांच्यासाठी असे परवानगीचे नियम लागू असू शकतात. लॅपटॉपने स्वतःहून बाहेर केलेली मागणी आणि तिला आलेले उत्तर यांना दोन्हीकडे मुभा असते. त्यामुळेच ‘पब्लिक’ निवडल्याने संकेतस्थळे मंद उघडत नाहीत, व्हिडिओ अडखळत नाही, आणि एकदा बसवलेला वाय-फाय प्रिंटरही बहुतेक वेळा छापत राहतो, कारण मजकूर पाठवणारा लॅपटॉपच असतो. कार्यालयीन लॅपटॉपवर ‘डोमेन’ नावाचा तिसरा संचही असतो. कंपनीचा सर्व्हर ओळखला गेला की तो आपोआप लागू होतो आणि वापरकर्त्याच्या हातात तेथे सहसा काही नसते.

ही व्यवस्था निर्माण होण्यामागे काही कटू अनुभव आहेत. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा संगणकीय किडा विंडोजमधील १३५ क्रमांकाच्या पोर्टवरून पसरला. वापरकर्त्याने काहीही उघडण्याची किंवा कोठेही क्लिक करण्याची त्याला गरज नव्हती. संगणक जोडलेला असणे पुरेसे होते. त्या त्रुटीवरचा उपाय मायक्रोसॉफ्टने महिनाभर आधीच दिला होता, पण असंख्य संगणकांवर तो बसवलाच गेला नव्हता. पुढच्याच वर्षी सॅसर या किड्याने ४४५ क्रमांकाचा पोर्ट वापरून तीच कथा गिरवली. ऑगस्ट २००४ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून फायरवॉल मुळातच चालू अवस्थेत येऊ लागला. मात्र घरात फायली आणि प्रिंटर वाटून घ्यायचे तर त्यात वाट ठेवावी लागते आणि तीच वाट विमानतळावर धोक्याची ठरते. म्हणून विंडोज व्हिस्टाने जागेनुसार नियम बदलण्याची सोय आणली आणि ‘होम’, ‘वर्क’ व ‘पब्लिक’ असे तीन पर्याय समोर ठेवले. वास्तविक पहिल्या दोहोंना फायरवॉलचा एकच संच लागू होई, त्यामुळे पुढे ते ‘प्रायव्हेट’मध्ये विलीन झाले, हे योग्यच झाले.

घरचा राउटर बाहेरच्या जगाकडून येणाऱ्या अनाहूत जोडण्या बहुतांशी अडवतोच, मग लॅपटॉपला वेगळे संरक्षण कशाला, अशी शंका येथे रास्त आहे. परंतु सोसायटीच्या फाटकावरचा रखवालदार वरच्या मजल्यावरून खाली उतरून आलेल्याला अडवत नाही, तशीच राउटरचीही गत आहे. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील एका लेखा-सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरलेल्या नॉटपेट्या या घातक प्रोग्रामने हे जगाला दाखवून दिले. एखाद्या कंपनीतील एक संगणक हाती लागला की तो फाइल शेअरिंगमधील त्रुटी आणि चोरलेले पासवर्ड वापरून आतल्या आत शेजारच्या संगणकांवर उडी घेत असे. मेर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे कामकाज त्यामुळे कोलमडले आणि नवी मुंबईच्या जेएनपीटी बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनललाही त्याची झळ पोहोचली. तेथे प्रश्न कार्यालयीन नेटवर्कचा होता, घरच्या वाय-फायचा नव्हता, हे खरे. पण विश्वासातल्या नेटवर्कवर मोकळ्या ठेवलेल्या वाटा एका बाधित यंत्रामुळे सर्वांनाच कशा भोवतात, हे त्यातून स्पष्ट होते.

घर आणि रेल्वे स्थानक यांतला फरक लॅपटॉपला स्वतःहून कळत नाही, कारण ठिकाणाची त्याला काहीच जाण नसते. एखादे नेटवर्क पूर्वीचेच आहे का, हे ओळखताना विंडोज इतर खुणांबरोबर राउटरचा हार्डवेअर पत्ता, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाला दिलेला क्रमांक, लक्षात घेते. त्यामुळेच इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने राउटर बदलून दिला की वाय-फायचे नाव आणि पासवर्ड तेच ठेवूनही लॅपटॉप ते नेटवर्क अनेकदा नवे समजतो, आपली जुनी निवड विसरतो आणि कालपर्यंत दिसणारा दुसरा संगणक आज दिसेनासा होतो. दोष केबलवाल्याला दिला जातो, बिघाड मात्र कोठेच नसतो.

आता ही निवड काय करत नाही, ते पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. लॅपटॉप आणि राउटर यांच्यामध्ये हवेतून जाणारी माहिती कूटबद्ध करण्याशी तिचा संबंध नाही. ते काम वाय-फायच्या पासवर्डमागे असलेल्या डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ या सुरक्षा पद्धतींचे आहे. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकापासून रेलटेल ही रेल्वेची दूरसंचार कंपनी आणि गूगल यांनी स्थानकांवर मोफत वाय-फाय देण्यास आरंभ केला. गूगल पुढे त्यातून बाहेर पडली, पण रेलटेलची सेवा चालू राहिली. अशा ठिकाणी मोबाइलवर आलेला ओटीपी टाकावा लागतो. हा ओटीपी वाय-फाय वापरणारा कोण, याची नोंद करण्यासाठी असतो. त्याने हवेतील संदेश कूटबद्ध होत नाहीत. ऑक्टोबर २०१० मध्ये फायरशीप नावाच्या ब्राउझरच्या एका जोडप्रोग्रामने दाखवून दिले की खुल्या वाय-फायवर बसलेला कोणीही शेजाऱ्याच्या समाजमाध्यमावरील खात्यात सहज शिरू शकतो. त्यावर ‘पब्लिक’ पर्यायाचा काडीचाही उपयोग नव्हता, कारण हल्लेखोर लॅपटॉपला हातच लावत नव्हता, तो केवळ हवेतले ऐकत होता. उपाय आला तो संकेतस्थळांकडून. आज बहुतेक संकेतस्थळे माहिती कूटबद्ध करून पाठवणारी एचटीटीपीएस ही पद्धत वापरतात, त्यामुळे वाय-फाय चालवणाऱ्याला आपण कोणते संकेतस्थळ उघडले याचा अंदाज येऊ शकतो, पण तेथे काय लिहिले किंवा वाचले ते कळत नाही. म्हणूनच सार्वजनिक ठिकाणी ब्राउझरने संकेतस्थळाची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राविषयी इशारा दिला तर तो डावलून पुढे जाणे, ही चुकीची नेटवर्क-निवड करण्यापेक्षाही मोठी चूक आहे.

मग निवडायचे काय? स्थानक, हॉटेल, उपाहारगृह, ग्रंथालय आणि महाविद्यालय येथे ‘पब्लिक’, याबद्दल वाद नाही. वसतिगृह किंवा पेइंग गेस्ट म्हणून राहण्याची जागा येथे मात्र गोंधळ होतो, कारण मुक्काम वर्षभराचा असल्याने ते नेटवर्क घरचेच वाटू लागते. परंतु ज्या राउटरला मालकाचे कुटुंब आणि अनोळखी भाडेकरू जोडलेले आहेत, तो पासवर्ड असूनही सार्वजनिकच मानला पाहिजे. घरच्या वाय-फायबाबत माझे मत रूढ सल्ल्यापेक्षा थोडे वेगळे आहे. घरातल्या घरात दुसऱ्या संगणकावरच्या फायली उघडायच्या असतील किंवा लॅपटॉपवरचे चित्रपट टीव्हीवर पाहायचे असतील, तर ‘प्रायव्हेट’ आवश्यक ठरते. ज्यांना यांपैकी काहीच करायचे नाही, त्यांनी घरीही ‘पब्लिक’ ठेवण्यात तोटा कोणता? आजच्या घरात स्वस्तातले कॅमेरे, स्मार्ट दिवे आणि अनेक वर्षांत अपडेट न झालेला टीव्ही हेही त्याच राउटरवर असतात, शिवाय येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आपण पासवर्ड सांगतो.

निवड बदलण्यासाठी सेटिंग्जमधील नेटवर्क अँड इंटरनेट या विभागात जाऊन चालू वाय-फायचे प्रॉपर्टीज उघडावे लागतात. दोन्ही पर्याय तेथेच दिसतात. त्यापेक्षा अधिक लक्ष द्यावे असे ठिकाण दुसरेच आहे. नवा खेळ किंवा व्हिडिओ बैठकीचे एखादे अॅप पहिल्यांदा चालू केले की फायरवॉल कधीकधी त्याला कोणत्या नेटवर्कवर परवानगी द्यायची असे विचारतो आणि आपण घाईत दोन्ही चौकटींवर खूण करून पुढे जातो. अशा प्रत्येक परवानगीने त्या अॅपपुरता ‘पब्लिक’ संचातही एक नियम जोडला जातो आणि तो आपण काढेपर्यंत तसाच राहतो. कंट्रोल पॅनेलमधील फायरवॉलच्या विभागात परवानगी मिळालेल्या अॅपची यादी असते. तीत ‘पब्लिक’ या रकान्याखाली, पूर्वी कधीतरी बसवलेल्या आणि आता वापरात नसलेल्या प्रोग्रामसमोर खूण दिसली, तर ती काढून टाकता येते. त्यासाठी प्रशासकाचे खाते लागते.